दादाचा बोअर

"डाक्टरकी सोडून दगडं शिकायचीत तुला? दगडं?" नवनाथदादाने बॅग ओसरीवर आपटली. बीडच्या मेडिकलच्या क्लासला दादाने धाकट्या बहिणीचं, आम्रपालीचं, नाव घातलं होतं, एसटीची वेळ होत आली होती, आणि ही ऐनवेळी म्हणत होती, मला संभाजीनगरला जायचंय, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र जोडीनं शिकता येणारी पदवी घ्यायला!

"मायला गुडघ्यानं उठता येत न्हाई, दिसत न्हाई व्हय तुला? तिच्यासाठी तर डाक्टर हो म्हनतोय! बोल की, कावून गप हायस?"

उत्तर ओठांवर होतं आणि तेच गिळायचं होतं! महिनाभर ती ते असंच गिळत आली होती... वडील, आश्रुबा, गेले तेव्हा याच दादाने शिक्षणावर पाणी सोडलं, बोअरच्या गाडीवर काम धरलं आणि सगळ्यात आधी तलवाड्यातल्या या दारात बोअर पाडला. लहानपणी दुसऱ्यांच्या विहिरीवर, शिवायची मुभा नाही म्हणून कुणी वरून ओतेल याची वाट बघत ताटकळलेली आई, मुक्ताबाई, त्या दिवशी स्वतःच्या पाण्यात भिजून ढसाढसा रडली होती. तेव्हापासून या घरात दुसरं पाणी आलं नाही. गल्लीत फिल्टरचे जार फिरू लागले, तरी नाही. आलेल्या पाहुण्याला दादा आधी तांब्या देई, "आमच्या बोअरचं हाय, घ्या!"

त्याच पाण्यात, तिने महिन्यामागे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा, फ्लोराइड निघालं होतं... खोल खडकातून उतरणारं, चवीला न कळणारं, हाडं आखडवणारं! ते कुठल्या थरातून येतं आणि कसं काढायचं, हे खडक आणि रसायन दोन्ही कळल्याशिवाय उमगणार नव्हतं. पण दादाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा कृतघ्न ठरलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दादा शेवटी ओसरीवर बसलेल्या आईकडे वळला. त्याने तिच्या हातात गोळी ठेवली, तांब्यातल्या बोअरच्या पाण्याने पेला भरला आणि तिच्या ओठांशी नेला. आम्रपालीचा हात तिच्याही नकळत पुढे गेला... पेला खणकन खाली पडला!

"नको पाजूस तिला, दादा! त्या पान्यानंच आखडलीय ती!"

मग सगळंच बाहेर पडलं. दादा भिंतीला टेकून खाली बसला. "म्या... म्या पाजलं मायला?"

"मला ठावं व्हतं," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "दवाखान्यातली नर्सबाई मागंच बोलली व्हती, बोअरचं पानी सोडा म्हनून."

"मंग कावून पीत राह्यलीस, माय?"

"तू मला कुनाच्या दारात उभं राहू दिलं न्हाईस, लेकरा. तुझं पानी कसं टाकू?"

आम्रपालीला रडू येण्याआधी संताप आला. तिने आणि आईने एकाच माणसाचं मन राखायला एकच गोष्ट दडवली होती, आणि गुडघे मात्र आईचे गेले होते!

दादाने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून बॅग आम्रपालीच्या हातात दिली. "जा संभाजीनगरला. दगडं बी शीक, रसायन बी शीक. आमाला काय कळंना बग, आमी नुसतं पीत ऱ्हायलो!"

रिकामा तांब्या घेऊन तो बाहेर पडला आणि शेजारच्या बंकटच्या दारात, जन्मात पहिल्यांदा, मान खाली घालून उभा राहिला.

"बंकटभाऊ... जारातलं पानी द्याल का जरा? मायला गोळी घ्यायचीय."