बाबांच्या लेन्समधला उंदीर

शेवटी उंदीर सापडला. कॅमेरेवाल्या काकांनी भर दुकानात स्वतःचे दोन्ही कान धरले आणि एका हॉटेलातल्या बाथरूमच्या दाराला भलतीच मूठ बसली.

पण हे तुम्ही वाचलेलंच नाही. कुणी विचारलं तर खांदे उडवा. गोष्ट सुरू होते तेव्हा उंदीर बेपत्ता आहे, काकांचे कान मोकळे आहेत आणि बाथरूमचा तर विषयच निघालेला नाही.

"आली! बाबांची लेन्स आली!" टाचणी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढली.

टाचणी बारा वर्षांची. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी. तिच्या मागे तिचा पाच वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथे तो, म्हणून शेपूट. आणि त्याच्या मागे शेजारचा पत्रक. पत्रकला वाचायला काहीही चालायचं, पण खरी आवड माहितीपत्रकांची. औषधाच्या खोक्यातली, मिक्सरच्या खोक्यातली, अगदी गादीला शिवलेली चिठ्ठीसुद्धा. सुट्टी लागून चार दिवस झाले होते आणि त्याने घरच्या फ्रिजचं पत्रक दुसऱ्यांदा संपवलं होतं.

"शेवट दुःखी आहे," तो म्हणाला होता. "वॉरंटी संपते."

पुडक्यात लेन्सबरोबर एक चिठ्ठी होती. 'काम पूर्ण. थोड्या उशिराबद्दल क्षमस्व.' थोडा उशीर म्हणजे पाच वर्षं आणि चार महिने.

शेपूट जन्माला यायच्या आठवडाभर आधी बाबांनी लेन्स साफ करायला दिली होती. "नवं माणूस येतंय घरात. लेन्स लख्ख हवी," ते म्हणाले होते. "पुढच्या आठवड्यात देतो," असं कॅमेरेवाले काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेपूट आला. त्यानंतर दोन महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त होऊन बाबा गेले. लेन्स तेवढी यायची राहिली.

बाबांनी काढलेल्या फोटोंचा एकच अल्बम घरात होता, आणि त्यात पानोपान टाचणी. तिच्या मागे नेहमी दिवे. धूसर, गोल, बिस्किटांसारखे. आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या प्रत्येक दिव्याचा एक छोटा तुकडा गायब! उंदराने कुरतडावा तसा. टाचणी पहिल्यांदा चालली, तेव्हा बाबा तिच्याकडे धावले आणि लेन्स पायरीवर आपटली. पुढच्या काचेच्या कडेचा टवका उडाला. तेव्हापासून उंदीर राहायला आला तो आलाच.

शेपटाचे फोटो होते, पण मामाच्या मोबाइलवर काढलेले. अल्बम बघताना तो दर वेळी विचारायचा, "माझ्या फोटोत उंदीर का नाही?"

आई अशा वेळी उठून पाणी प्यायची. तिला फार पाणी प्यावं लागायचं.

"उभा राहा!" टाचणी म्हणाली. मामाने तिला आपला जुना मिररलेस डिजिटल कॅमेरा दिला होता. त्याला साधी जोडकडी लावून तिने लेन्स बसवली. संध्याकाळची वेळ होती. मागे समोरच्या इमारतीचे दिवे लागलेले होते, पुढे शेपूट दात दाखवत उभा होता. क्लिक!

दिवे अख्खे आले. शेपटाने पडद्यावर नाक टेकवून शोधलं.

"उंदीर नाही," तो म्हणाला. रडला नाही. रडला असता तर बरं, असं टाचणीला वाटलं.

"थांबा!" पत्रकने कॅमेऱ्याचं पत्रक उघडलं. "कॅमेऱ्यात चित्र झेलणारी एक पाटी असते. ती बाबांच्या फिल्मपेक्षा लहान आहे. लेन्स मोठं चित्र पाठवतेय. कॅमेरा मधलं तेवढं ठेवतो आणि कडा टाकून देतो."

"माझा उंदीर टाकून दिला?"

"नियमानुसार."

मामा लग्नांचे फोटो काढायचा. त्याने सगळं ऐकून कपाटाच्या तळातून एक बुटकी नळी काढली. आत काच.

"फोकल रिड्यूसर. फुगलेल्या सुटकेसवर बसून चेन लावतात ना? तेच काम. मोठं चित्र आवळून लहान पाटीवर बसवतो. कडा परत येतात, वर उजेडही वाढतो. घेऊन जा. स्वस्तातला आहे आणि तसाच वागतो."

"म्हणजे?"

"चित्राच्या मधोमध निळा ठिपका आणतो. कधी आणतो, कधी नाही. एका लग्नात नवरीच्या नाकावर आला. चारशे फोटोंत! नवरीकडचे लोक माझ्या नाकावर दुसऱ्या रंगाचा ठिपका काढायला निघाले होते."

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे रिड्यूसर बसला आणि चित्र खरंच पसरलं! खिडकीची चौकट आली, कपाटाची कड आली, चारही कोपरे आले. पण दिवे? एका कोपऱ्यातल्या दिव्यांवर मुंगीएवढा काळा ठिपका होता. बस.

"मुंगी म्हणजे उंदीर नव्हे," टाचणी हळूच म्हणाली. "पत्रक, ही बाबांची लेन्स नाही."

"पण नंबर जुळतो! पावतीवरचा आणि लेन्सवरचा!"

"नंबर जुळतो. लेन्स जुळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं कॅमेरेवाल्या काकांच्या दुकानात हजर. भिंतीवर पाटी होती: 'माल तपासून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही.' काउंटरवर बुटांचं एक खोकं, आणि त्यात अगदी तशाच सहा लेन्स! सगळ्यांच्या कडांना काळे ठिपके.

"तक्रार?" काका हसले. "अरे, या मॉडेलच्या सात लेन्स होत्या माझ्याकडे. सातही एकदम उघडल्या! काचा एकाच परातीत धुतल्या, टवक्यांत काळी शाई भरली, नंबरांच्या कड्या शेवटी बसवल्या. एकीला एक. आहे कुणाची छाती?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेपटानेसुद्धा, का ते कळलं नाही तरी.

"काका, कुठल्या लेन्सला कुठली कडी, ते कसं लक्षात ठेवलंत?"

"नंबर लिहिलेला असतो की कडीवर!" काका म्हणाले. "आणि बाकीच्यांचं काय विचारता? इतकी वर्षं कुणी न्यायलाच आलं नाही. आज चार वाजता सजावटवाल्या मॅडम हे खोकं नेतायत. दाराच्या मुठी करायच्या आहेत त्यांना."

"लेन्सच्या मुठी?"

"हॉटेलच्या बाथरूमना. एकदम कलात्मक!"

टाचणीला ती दारं दिसायला लागली. ओल्या हातांची अनोळखी माणसं बाबांची लेन्स फिरवणार, आत जाणार आणि कडी लावून घेणार. तिने चेहरा गोड केला. ही तिला अवघड जाणारी गोष्ट.

"काका, मॅडमना अशा धुळकट देणार? आम्ही पुसून देऊ? फुकट!"

'फुकट' या शब्दाने काका विरघळले. खोकं पोरांच्या हवाली करून त्यांनी खुर्चीत पाय पसरले आणि तोंडावर वर्तमानपत्र घेतलं. पहिलं पान घोरू लागलं.

समोरच्या दिव्यांच्या दुकानात भर दुपारीही सगळे दिवे चालू असायचे. शेपटाला दाराशी स्टुलावर बसवलं. मागे दिवेच दिवे!

"उन्हात लेन्सचं भोक लहान ठेवावं," पत्रकने रिड्यूसरबरोबरचा चिठोरा वाचला. "ठळक अक्षरांत आहे."

ठळक अक्षरांपुढे टाचणीचं काही चाललं नाही. तिने कडी फिरवून भोक लहान केलं. क्लिक. दुसरी लेन्स. क्लिक. सहाही झाल्या. सहा फोटो, सहा निळी नाकं, शून्य उंदीर! मागचे दिवे टिकल्यांएवढे, सगळे सारखे.

"मी निळा का आहे?" शेपटाने विचारलं.

"तांत्रिक अडचण," पत्रक म्हणाला.

पावणेचार. कोपऱ्यावरून मॅडम येताना दिसल्या. हातात मोजपट्टी, मागे पिशवी धरलेला मदतनीस. त्यांनी पहिली लेन्स मुठीत धरून हवेतच एक दार उघडून पाहिलं. "छान! भरा."

एक पिशवीत. दोन पिशवीत. टाचणीला बाबांचा चेहरा आठवेना. अलीकडे असं व्हायचं. आवाज मात्र आठवला, कारण ते एकच वाक्य सारखं म्हणायचे. 'पूर्ण उघडी ठेव गं लेन्स. झाकायचीच असेल, तर तिला झाकण आहे!'

"पत्रक! तो चिठोरा फाड!"

"फाडू?" पत्रकने असा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता.

"बरं, खिशात ठेव! मॅडम, पिशवी थांबवा! पाटी वाचा, माल तपासून घ्या! तपासायचं काम आमचं!"

मॅडमनी पाटी वाचली. त्या नियम पाळणाऱ्या निघाल्या. टाचणीने भोक पूर्ण उघडलं, तशी काचेची झाकलेली कडही मोकळी झाली. निळा ठिपका गेला आणि मागचे दिवे फुगून गोल झाले. पहिली लेन्स: दिव्यांवर स्वल्पविरामाएवढा टवका. दुसरी: काहीच नाही. तिसरी: काहीच नाही. चौथी...

"उंदीर!" शेपूट स्टुलावरून पडला.

एका कोपऱ्यातल्या प्रत्येक दिव्याचा तुकडा गायब! वर्तमानपत्र खाली आलं. काकांनी पडदा पाहिला, टाचणीने आणलेला अल्बम पाहिला आणि मान हलवली.

"उगाच झोप मोडलीत. अल्बममधला उंदीर डावीकडे, वर. हा उजवीकडे, खाली. उंदीर घर बदलतो होय? ही दुसरीच लेन्स. मॅडम, भरा!"

पत्रक एवढा वेळ अल्बमकडे बघत होता. तो एकदम उठला आणि एकही अक्षर न वाचता पळत सुटला. गल्लीच्या टोकाला टाचणीच्या आईचं काम चालायचं. ती कवळ्या बनवायची.

आई ॲप्रनवर प्लास्टरची धूळ घेऊन तशीच आली. तिने पडदा पाहिला. अल्बम घेतला. मग शांतपणे अल्बम उलटा केला.

"आता बघा."

उलट्या अल्बममधला उंदीर उजवीकडे, खाली! तोच चावा. एक दात लांब, एक आखूड.

"भाऊ, मी रोज माणसांचे चावे बघते," आई काकांना म्हणाली. "दोघांचे एकसारखे नसतात. हा यांच्याच लेन्सचा. काच परत बसवताना तुम्ही ती अर्धा फेरा जास्त फिरवलीत."

काकांनी लेन्स डोळ्याला लावली. मग ती टाचणीच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही कान धरले.

"चाळीस वर्षं नंबर बघत आलो, पोरी. फोटो बघायचा राहूनच गेला."

"आणि तपासणी पाटीप्रमाणे झाली," मॅडम म्हणाल्या. "माझ्या ऑफिसात अशी तीन माणसं हवी होती." टाचणीने त्यांना घरी आलेली मुंगीवाली लेन्स दिली. मुठीला मुंगी चालते.

"पळत येऊन सांगितलंस ते बरं केलंस," आई पत्रकला म्हणाली. मग टाचणीकडे वळून, "आणि तू... तू अगदी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पाणी मात्र मागितलं नाही.

काकांनी काच अर्धा फेरा मागे फिरवून दिली. त्या संध्याकाळी गॅलरीत टाचणीने शेपटाचा फोटो काढला. लेन्स पूर्ण उघडी. नाक नाकाच्या रंगाचं. मागे दिवे, आणि डावीकडे वर, आपल्या जुन्या जागी, उंदीर.

शेपटाने फोटो खूप वेळ पाहिला.

"यात बाबा कुठे आहेत?"

"बाबा फोटोत कधीच नसायचे," टाचणी म्हणाली. "ते इकडे असायचे. कॅमेऱ्याच्या या बाजूला."

शेपटाने मान वाकडी करून तिच्या मागे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती. मग तो पत्रकच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "लिही. ठळक अक्षरांत." पत्रकने लिहिलं ते असं:

प्रति,
मा. संबंधित अधिकारी.

विषय: वडील एका दुपारपुरते मिळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचा उंदीर असलेला फोटो उपलब्ध झाला आहे, परंतु तो त्याच्या बहिणीने काढलेला आहे. वडिलांनी काढलेला एकही उपलब्ध नाही. तरी अर्जदाराच्या वडिलांना एका दुपारसाठी, ते शक्य नसल्यास एका क्लिकपुरते, राहत्या पत्त्यावर पाठवण्याची व्यवस्था व्हावी. येताना त्यांनी काही आणू नये. लेन्स आमच्याकडे आहे आणि पूर्ण उघडी ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात पाठवले तरी चालेल.

कळावे,
अर्जदार (वय ५)