मेरिडियन हाऊसची स्वयंपाकीण

गारांचा मारा चुकवत एक तरुण मेरिडियन हाऊस हॉटेलच्या जेवणघरात शिरला, तेव्हा झेल्फा टली टेबलं पुसत होती. त्याने टोपी काढली आणि टोपीच्या काठावर साचलेल्या गारा नुकत्याच पुसलेल्या टेबलावर घरंगळल्या.

"माफ करा... मी वेचतो."

"राहू द्या. आमच्याकडे बर्फाला तोटा नाही, पाहुण्यांनी बरोबर आणायची गरज नसते."

तो हसला. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, लाजल्यासारखा. एमेट रस्क त्याचं नाव. विलो फोर्क गावच्या स्टेशनवर तारमास्तर म्हणून तो आदल्याच दिवशी ओहायोहून आला होता. इतका स्वच्छ शर्ट झेल्फाने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिने हळूच आपल्या एप्रनवरचा डाग मुठीत लपवला.

"खायला काय मिळेल?"

"मक्याचा पाव, काकवी... आणि मी मनावर घेतलं तर गरम कॉफी."

"मग मनावर घ्या ना..."

तेवढ्यात आतून आवाज गडगडला, "कोण रे तो दार सताड उघडं टाकणारा? तबेल्यात जन्मलास काय?"

एमेट दचकला आणि दार लावून येत हळूच म्हणाला, "आत खेचर बांधलंय का?"

झेल्फाला हसू फुटलं. हसता हसताच ती बोलून गेली, "स्वयंपाकीण आहे. असल्या गावात दुसरं कोण मिळणार?"

स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप उघडीच होती. खिडकीत पावाची बशी घेऊन डॉर्कस टली उभी होती – झेल्फाची आई. ती क्षणभर लेकीकडे बघत राहिली. मग बशी पुढे सरकवत म्हणाली, "पाव तयार आहे, मिस."

झेल्फाची कानशिलं तापली. बशी उचलताना तिला आईकडे बघवलं नाही.

त्या दिवसापासून एमेट रोज जेवायला येऊ लागला. कॉफी संपली तरी उठायचा नाही. टेबलावर बोटांनी टकटक करून विचारायचा, "ओळखा, तारेच्या भाषेत काय म्हणालो?"

"कॉफी गार आहे, असं म्हणालात."

"अंहं... ते सांगायला अजून धीर नाही."

झेल्फा हसून त्याचा कप पुन्हा भरायची आणि लगेच खिडकीतून शांत आवाज यायचा, "बटाटे तयार, मिस." असला मऊ आवाज काढायला आईला किती कष्ट पडत असतील, हे तिला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना खरं माहीत होतं, पण एमेटला कुणी बोललं नाही. डॉर्कसने हॉटेलच्या मालकापासून गुराख्यांपर्यंत सगळ्यांना दम भरला होता: कुणी तोंड उघडलं तर कॉफीत साखरेऐवजी मीठ पडेल.

"आई, मी त्यांना सांगते," झेल्फा एकदा म्हणाली.

"कशाला? पोरगा चांगला आहे. शिकलेल्या घरचा. माझ्यापायी तुझं बिनसायला नको."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. झेल्फा मान खाली घालून बटाटे सोलू लागली. सांगायचं राहिलंच, आणि राहिलं याचं तिला हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची तर तिला जास्तच लाज वाटली.

शनिवारी टेबलं भिंतीला लावून नाच ठरला. ऊन कलायच्या आतच जेवणघर भरलं. एमेटचा हात झेल्फाच्या कमरेशी आला तेव्हा तिची पावलं चुकली.

"सॉरी... बूट चावतोय," ती म्हणाली.

"माझा पायही चावला तरी चालेल."

फिडलवाला घाम पुसायला थांबला. त्याच वेळी डॉर्कस कॉफीचं भलंमोठं भांडं घेऊन आत आली. एमेट रंगात आला होता. "बाई, तुमच्या त्या आवाजाने या फिडलवाल्याला जरा हाका ना. खेचरंसुद्धा पळतील, हा तर माणूस आहे."

कुणीही हसलं नाही. गुराखी बुटांकडे बघू लागले. डॉर्कस मात्र हसली, ओशाळं, पडेल हसू. आईच्या चेहऱ्यावर असलं हसू झेल्फाने कधीच पाहिलं नव्हतं.

"ती माझी आई आहे," झेल्फा म्हणाली.

एमेटचा तिच्या कमरेवरचा हात खाली आला.

"बाबा इकडे येताना वाटेत तापाने गेले. मी लहान होते. आईने एकटीने खेचरं हाकत गाडी इथवर आणली. ओरडून ओरडून आवाज तेव्हा फाटला तो असाच राहिला. तुम्ही हसलात ते न कळून हसलात. मी मात्र... सगळं कळून हसले."

एमेटचा चेहरा पांढरा पडला. टोपी उचलून तो बाहेर निघून गेला.

झेल्फा स्वयंपाकघरात धावली. आई कप विसळत होती.

"नाच तरी पुरा करायचास, वेडे."

"आई, मला मार एकदा."

"हात ओले आहेत," डॉर्कस म्हणाली आणि त्याच ओल्या हातांनी तिने लेकीला जवळ घेतलं. झेल्फा तिच्या खांद्यावर तोंड खुपसून रडली.

मागच्या दारापाशी कुणीतरी घसा खाकरला. एमेट उभा होता, टोपी छातीशी धरून.

"बाई, मी स्टेशनपर्यंत गेलो होतो... पण तसं निघून जायला जास्त लाज वाटली. मी फार वाईट बोललो. माफ कराल?"

डॉर्कसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाह्या वर कर. कप पुसता येतात?"

"शिकेन."

फडकं त्याच्या हातात कोंबून ती कॉफी वाढायला निघून गेली. दोघं शेजारी उभे राहिले. बाहेर पुन्हा फिडल सुरू झालं. झेल्फा कप धूत होती, एमेट पुसत होता. 

"टेबलावर टकटक करून जे म्हणायचो ना..." तो हातातल्या कपाला सांगावं तसं म्हणाला, "तू मला आवडतेस, असं म्हणायचो. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशीची मी आवडण्यासारखी नव्हते."

"मीही नव्हतो." तो थांबला. "मग... आजपासून धरूया?"

झेल्फाला अजून त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिने पाण्यात बुडालेला कप तसाच सोडला आणि खाली मान घालूनच म्हणाली, "आजपासून. पण आधी आईला विचार. माझ्यासमोर."