आठगावची वारबंदी

मोजणी-कक्षाची अख्खी भिंत आठगावच्या खोऱ्याने व्यापली होती. आठ गावं, मधोमध एक तलाव आणि त्या घटकेला त्या ऑनलाइन खेळात वावरणारी एकतीस हजार चारशे बारा पात्रं. कुणी दोघं जातं ओढत होती, कुणी सहाजण मिळून तुळई उचलत होते. शिवलीला म्हेत्रेची नजर मात्र बांधावर खिळली होती. तलावाच्या दरवाज्याच्या डाव्या साखळीपाशी पांढऱ्या टोपीतलं एक पात्र उजव्या साखळीकडे बघत उभं होतं. संध्याकाळचे सात वाजायला पंधरा मिनिटं होती आणि ते वाट बघत होतं.

ते पात्र तिच्या वडिलांचं होतं. वडील जाऊन पाच महिने झाले होते.

"बस ना. उभी राहून काय होणारे?" फिरोज इनामदार म्हणाला. तो या कंपनीत मोजणी-विभागाचा प्रमुख होता. बावीस वर्षांपूर्वी सोलापुरात तिच्या वडिलांच्या हाताखाली त्याने पहिली नोकरी धरली होती. "चहा सांगू?"

"नको, फिरोजभाई. आधी मला नीट समजावून सांगा. सही माझी लागणार आहे."

सही लागणार होती, कारण तिच्या वडिलांनी, चन्नवीर म्हेत्रे ऊर्फ अप्पांनी, आठगाव रचलं तेव्हा करारात एक कलम घालून घेतलं होतं. ऑनलाइन खेळांची दुनिया तेव्हा एकमेकांची मुंडकी उडवण्यात दंग होती. अप्पांनी उलटं केलं. आठगावात एकट्याने काहीच करता येत नसे. दरवाजा दोन साखळ्यांवर, जातं दोन हातांवर, पूल सहा खांद्यांवर. आणि कुणी कुणावर हात उचलू शकत नसे. काठी उगारली तरी ती हवेतच थांबे. या नियमाला ते वारबंदी म्हणत. ती उठवायची, अगदी दहा मिनिटांसाठी जरी, तरी अप्पांची किंवा त्यांच्या वारसाची परवानगी हवी, असं ते कलम होतं.

"ऑफिसात माझ्यावर दिवसातून दोनदा खेकसायचे," फिरोज हसला, "आणि खेळात मुंगीला धक्का लागू द्यायचे नाहीत."

"घरी पण खेकसायचे. विषय बदलू नका."

फिरोजने खुर्ची तिच्याकडे वळवली. "बदली कशी चालते, तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच नसेल. एकट्याने काही होत नसलं, की एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं काम अडतं. तेव्हा अप्पांना त्यांचे वडील आठवले. ते सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार होते. भल्या सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि जो आला नसेल त्याच्या जागी त्या दिवसापुरता माग चालवायचा. अप्पांनी खेळातही तीच सोय केली. प्रत्येक खेळाडूच्या हालचाली, बोलणं, थांबणं, सगळं टिपून घेणारी एक आज्ञावली त्याच्या पात्राला जोडलेली असे. माणूस आला नाही, की ती त्याच्यासारखी वागत त्याचं काम पुढे चालवी.

"सुरुवातीला बदलीच्या डोक्यावर खूण दिसायची," फिरोज म्हणाला. "अप्पांनीच ती काढली. म्हणाले, समोर बदली आहे हे कळलं की माणूस अर्ध्या मनाने खेळतो. कोण कधी स्वतः होता आणि कधी बदली, याची हजेरी मोहोरबंद ठेवली. ती फक्त तो खेळाडू उघडणार, नाहीतर त्याचा वारस. आम्हीसुद्धा नाही."

"म्हणजे आत्ता या भिंतीवर किती जिवंत माणसं आहेत, ते तुम्हाला माहीत नाही."

"कुणालाच नाही. आकडे इतके सुरेख येतायत की मला भीती वाटते. दोन वर्षांत एक पूल पडलेला नाही, एक जातं थांबलेलं नाही. माणसं इतकी चांगली नसतात, शिवलीला."

मग त्याने चाचणी समजावली. मदतीवरून माणूस ओळखता येत नाही, कारण मदतीला उत्तर ठरलेलं असतं: साखळी ओढली की साखळी ओढायची. वाराचं तसं नाही. आठगावात कुणी कधी वार पाहिलेलाच नाही, त्यामुळे वार झाल्यावर काय करायचं हे कुठलीच बदली शिकलेली नाही. तिला लागलेलं कळणारच नाही. ती हातातलं काम चालू ठेवील. माणूस मात्र दचकेल, मागे सरकेल, शिवी घालील, उलट मारील.

"सात वाजता दहा मिनिटांसाठी वारबंदी उठवायची. प्रत्येक पात्राच्या कमरेची काठी जवळच्या सोबत्यावर एकदा पडेल. काठी आम्ही चालवू, पण दिसेल सोबत्याने मारल्यासारखं. पुढच्या वीस सेकंदांत ज्याने काहीही वेगळं केलं, तो जिवंत."

शिवलीला पुण्यात इस्पितळांच्या आकडेवारीवर काम करायची. प्रश्न तिच्या तोंडून आपसूक निघाला. "आणि जो मार खाऊनही गप्प राहील, तो?"

"खरा माणूस? वीस सेकंद?" फिरोजने मान हलवली. "असा मी अजून पाहिला नाही. हजारात एखादा धर."

"जिवंत थोडे निघाले तर?"

"दहातला एकही नसेल, तर वारबंदी कायमची उठवायची, असं वरचे म्हणतायत. लढाई सुरू झाली की माणसं परत येतील. बदल्या पहिल्या दिवशीच मरतील. मेलेलं पात्र पुन्हा उभं राहत नाही."

ती पांढऱ्या टोपीकडे बघत राहिली. गेले पाच महिने रोज सात वाजता ती या पात्रासमोर जाऊन उजवी साखळी धरत होती. आपण कशाची भरपाई करतो आहोत, ते तिला पुरतं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी अप्पा आजारपणामुळे अक्कलकोटला घरी बसले तेव्हा दोघांचं ठरलं होतं: रोज सातला बांधावर भेटायचं, बोलत बोलत दरवाजा उघडायचा. पण गेल्या नऊ ऑक्टोबरपासून, कामाच्या रेट्यात, शिवलीलाने तिथे आपली बदली उभी केली होती. आठवड्यापुरती म्हणून केली आणि ती जानेवारीपर्यंत राहिली. अप्पा गेले त्या संध्याकाळीही दरवाजा बरोबर सातला उघडला होता. थरथरत्या हातांनी साखळी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासमोर आपण तीन महिने यंत्र उभं केलं, ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. अप्पांना ती कळली होती का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. वारस म्हणून त्यांची हजेरी उघडून ते किती संध्याकाळी त्या यंत्रासमोर बसले, एवढं तरी ती बघू शकत होती. पण हात धजला नव्हता.

"दहा मिनिटांची सही करते," ती म्हणाली. "पण मी स्वतः आत असणार."

शेजारच्या खोलीत तिने डोळ्यांवर चष्मा चढवला. बांधावर वारा होता.

"आलीस?" अप्पांचा आवाज म्हणाला. "जेवलीस का?"

"हो."

"बरं. ओढ मग."

आठ वर्षं हीच तीन वाक्यं. ती नेहमी हो म्हणायची. जेवली नसली तरी, कारण नाही म्हटलं असतं तर अप्पांनी साखळी टाकून व्याख्यान दिलं असतं. तिने साखळी धरली. दरवाजा वर येऊ लागला, खालच्या गावाकडे पाणी सुटलं. एकाने जरी साखळी सोडली तरी दरवाजा खाली कोसळायचा.

तेवढ्यात अप्पांचा उजवा हात साखळीवरून निघाला, कमरेची काठी वर गेली आणि तिच्या खांद्यावर पडली. चष्म्यातून आलेला धक्का फार मोठा नव्हता. हात परत साखळीवर गेला. डोकं किंचित कललेलं, रोजच्यासारखं. अप्पांनी तिला आयुष्यात कधी मारलं नव्हतं. तिला वाटलं, हे मला मिळायलाच हवं होतं. ती साखळी ओढत राहिली. आता तिची काठीही त्यांच्या पाठीवर पडली. अप्पा ओढत राहिले. दरवाजा पूर्ण उघडला.

तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. खरं तर आता भ्यायचं काही उरलं नव्हतं. तिने अप्पांची हजेरी उघडली.

एकच ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. चौदा सप्टेंबरपासून अखेरपर्यंत: बदली. एकही दिवस खंड नाही.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. अप्पांना यंत्रासमोर बसावं लागलंच नव्हतं. तीन महिने दोन बदल्या एकमेकींना जेवलीस का विचारत होत्या आणि दोन माणसं, आपापल्या जागी, समोरचा आहे अशा समजुतीत होती. मग तिने तारखा जुळवल्या. चौदा सप्टेंबर ते नऊ ऑक्टोबर. ते पंचवीस दिवस ती स्वतः, जिवंत, बांधावर जात होती. आणि त्या दिवसांत अप्पा किती छान होते. हात कापत नव्हता. धाप लागत नव्हती. तिने अक्कलकोटची दोनदा काढलेली तिकिटं रद्द केली होती. त्यांना बरं वाटतंय असं बघून, आणि केवळ ते बघूनच, तिने निर्धास्तपणे आपली बदली उभी केली होती.

तिने घरी फोन लावला.

"अव्वा, सप्टेंबरात अप्पा सातला खेळायला बसत नव्हते?"

आई म्हणाली, "कुठलं बसतात गं. बोटंच मिटत नव्हती त्यांची. म्हणाले, साखळी सुटली तर लीलाचं काम अडंल. तिला सांगू नको, उगाच घाबरी होऊन धावत येईल."

"मग सात वाजता काय करायचे?"

"पडून असायचे. घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, आता आली असंल बघ ती. मग डोळे मिटायचे." आईचा आवाज खाली गेला. "तू यायचीस ना तिकडं?"

"यायचे," शिवलीला म्हणाली.

पंचवीस दिवसांत एकदा जरी तिच्या काठीला त्यांच्यापर्यंत पोचता आलं असतं, तर तिला कळलं असतं. अप्पांनी दुखवण्याची वाट बंद केली होती, आणि समोरचा आहे की नाही हे कळण्याची दुसरी वाट आठगावात नव्हती.

फिरोज यादी घेऊन आत आला. चेहरा उतरलेला. "एक हजार शहाऐंशी," तो म्हणाला. "एकतीस हजारांत." तो समोर बसला. "एक विचारू? यादीत तू नाहीस. तुझ्या पात्राने मार खाल्ला आणि साखळी ओढत राहिलं. चाचणीने तुला बदली धरलंय."

तिने हातातला फोन टेबलावर ठेवला.

"तू स्वतः आत असणार म्हणाली होतीस. तू खरंच असशील, तर माझी चाचणी चुलीत घालावी लागेल. तुझ्यासारखे गप्प सोसणारे आणखी किती असतील, कुणास ठाऊक. मग वारबंदी उठवता येणार नाही. आठगाव आहे तसं चालू राहील." तो वाट बघत होता, त्यालाही तेच हवं होतं, हे तिला दिसत होतं. "होतीस ना?"

भिंतीवर दरवाजा उघडा होता, पाणी वाहत होतं. तीस हजार पात्रं न थकता, न भांडता एकमेकांचं ओझं उचलत होती. आणि कुठे कुठे, कुणाच्या तरी घरी, कुणीतरी अंथरुणावर पडून म्हणत असेल, आता आली असेल बघ.

"नव्हते," ती म्हणाली. "बदली होती."

फिरोजने दुसरा कागद पुढे सरकवला. तिने सही केली. वारबंदी एक तारखेपासून उठणार होती.

तीस तारखेला सात वाजता ती बांधावर गेली. वारा होता. पांढरी टोपी डाव्या साखळीपाशी उभी होती.

"आलीस? जेवलीस का?"

"नाही, अप्पा," ती म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"बरं," आवाज म्हणाला. "ओढ मग."