डाग परत येईपर्यंत

दार ढकललं आणि — टंऽऽग!

ती उंबऱ्यातच थबकली. दार ओढून घेतलं, पुन्हा ढकललं. टंऽऽग... खोल, मऊ, जरासा घोगरा आवाज.

"आत येताय की बाहेर चाललाय?" कुणीतरी हसत विचारलं.

"शू! थांबा हो जरा."

तिसऱ्यांदा — टंऽऽग.

तिचा चष्मा हातात होता. एका काडीचा स्क्रू कुठेतरी पडला होता. त्यामुळे चष्म्याच्या दुकानाचा तो तरुण मालक तिला पांढऱ्या शर्टाचा धूसर ठिपका एवढाच दिसत होता. दारामागे टांगलेली काशाची थाळी मात्र तिने नाक टेकवून पाहिली. ड्रमसेटवरची सिंबल! जुनी, चहाच्या डागांसारखी तपकिरी, काळपट...

"ही इथे काय करतेय?"

"गिऱ्हाईक आल्याचं सांगते. माझ्या बाबांची आहे. तरुणपणी ते बँडमध्ये वाजवायचे. आता ते नाहीत, फक्त तीच उरलीय. पण... तुम्ही तिचा वास घेताय का?"

"दिसत नाहीये हो मला!"

"मग अगदी योग्य दुकानात आलात."

ती जुने ड्रमसेट गोळा करायची, त्यांची डागडुजी करायची. गल्लीच्या टोकाला तिची कार्यशाळा होती. ही कला तिला शिकवली काकांनी. ते तिला 'ढमढम' म्हणत. काकांचा स्वतःचा सेट कधीच विखुरला होता. तिने तो एकेक करून शोधून आणला — मोठा ड्रम एका शाळेच्या अडगळीतून, छोटा कुणाच्या तरी दिवाणखान्यातून, कुंडीखालून. राहिली होती फक्त सिंबल. नव्या सिंबल नुसत्या किंचाळायच्या. आणि पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी तर काका इतक्या वर्षांनी पुन्हा लोकांसमोर वाजवणार होते!

"देता का मला?" तिने विचारलं.

"छे! बाबांचा आवाज आहे तो. ऐकायला मात्र येत जा."

ती येत गेली. कधी काडी वाकडी, कधी स्क्रू सैल.

"पुन्हा सैल?" तो डोळे बारीक करून म्हणाला. "चष्म्याचा, की तुमचा?"

"तपासून बघा ना!"

मग तोही कार्यशाळेत येऊ लागला. ड्रमचं कातडं कसं ताणायचं ते तिने त्याला शिकवलं. "एकच स्क्रू पिळत बसायचं नाही. समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे." एका ड्रमच्या दोन बाजूंना ते दोघं. थोडं थोडं... मध्येच नजर वर जायची आणि किल्ली घसरायची. पाठमोरे काका उगाचच खाकरायचे.

सगळं शिकवलं तिने. एकच गोष्ट सांगायची राहून गेली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो धावतच आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं.

"तुमच्यासाठी. कायमची!"

तिने कागद फाडला... आणि डोळे दिपले. थाळी लखलखत होती. एकही डाग नाही.

"लेन्ससारखी घासलीय," तो आनंदाने म्हणाला. "बोट दुखायला लागलं, पण —"

"काय केलंस हे तू!"

पहिल्यांदाच 'तू' आलं तिच्या तोंडून, आणि तेही असं. तिने थाळी उजेडात तिरकी धरली. "अरे, त्या डागांनीच तर तिचा आवाज मऊ केला होता..."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... बाबांचा आवाज मी पुसून टाकला?"

 कोपऱ्यात बसलेल्या काकांनी पुढे येऊन थाळी स्टँडवर चढवली, वाजवायची काडी उचलली.

टिंऽऽग!

लख्ख, धारदार. ती दचकली. काकांनी कान तिरका करून पुन्हा हलकेच वाजवलं, आणि हसू लागले.

"अगं ढमढम, ही लहान झालीय! याच्या बाबांनी पहिल्यांदा वाजवली ना, तेव्हा ही अशीच बोलली असणार. तरुण माणसासारखी... जरा जास्तच. उद्या मी हीच घेणार. काडी हलकी धरीन, काय त्यात!" आणि ते मुद्दाम पाय वाजवत चहा टाकायला आत गेले.

तो अजून थाळीकडेच बघत होता. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर नवलाचं हसू.

"डाग... परत येतात का?" त्याने हळूच विचारलं.

"येतात. हवेने. हात लागून लागून."

"किती दिवसांत?"

"दिवसांत?" तिला हसू फुटलं. "पंचवीस-तीस वर्षं तरी धर."

त्याने तिच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नीट बसवला.

"मग मी थांबतो."

"आणि दुकान?"

"दाराला साधी घंटी बांधीन. मी थांबायचं म्हणतोय ते... तुझ्याजवळ. चालेल?"

 तिने त्याचा हात धरला आणि त्याचा अंगठा त्या चकाकत्या थाळीवर दाबला. उचलला, तेव्हा तिथे एक पुसटसा ठसा उमटला होता.

"हा पहिला," ती म्हणाली, आणि त्याला अगदी खेटून तिने आपलाही अंगठा टेकवला.