शेवटच्या माणसाचं पाणी

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली, तिचं डोकं मी माझ्या हातांनी धुतलंय. तीनदा, बेसन लावून.

मी मूळची मालवणची. मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांतली नव्हे. तरी त्या संध्याकाळी धुता धुता मला दोनदा ओकारी आली, एवढं आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दुसरा गुरुवार. इंग्लंडमधलं हल शहर, हेसल रोडच्या मागची आमची गल्ली. मी इथे बावीस वर्षं राहतेय. घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एकच भिंत. शेजारच्या मॉरीनने नळ सोडला की माझ्या भिंतीत पाणी वाजतं.

मॉरीन ब्लेंकिन चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी. दरवर्षी कॉलेजची एक परदेशी मुलगी ठेवून घेते. गेल्या वर्षी आली शिओरी. जपानमधल्या तोयामाची, एकवीस वर्षांची. तिथल्या कॉलेजने वर्षभरासाठी इथे पाठवलेली, अदलाबदलीवर.

पोरगी कमालीची नीटनेटकी. चप्पलसुद्धा उंबऱ्याला समांतर ठेवायची.

अदलाबदलीची ही जागा मिळवायला तिने दोन वर्षं धडपड केली होती. मध्येच दुसरं घर मिळत नव्हतं. घरमालकिणीची तक्रार गेली असती तर तिला परत जावं लागलं असतं आणि वर्ष बुडालं असतं. त्यामुळे मॉरीनचं मन राखायला ती जिवाचं रान करायची.

पहिल्या रात्री तिने अंघोळ केली, आणि टबातलं पाणी तसंच ठेवलं.

तिच्या घरी तशीच रीत. आधी बाहेर अंग स्वच्छ घासायचं, मग टबात नुसतं गरम पाण्यात बसायचं. त्याच पाण्यात मग पुढचा माणूस. आधी बाबा, मग ती, शेवटी आई. बूच काढणं म्हणजे मागच्याच्या तोंडचा घास काढण्यासारखं. इथे अंग घासायला जमीन कुठली? मॉरीनच्या न्हाणीघरात गालिचा. म्हणून शिओरी बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्याने नखशिखान्त अंग पुसायची, मग टबात उतरायची. तिच्यामागे पाणी काचेसारखं राहायचं.

सकाळी ती दात घासायला गेली.

टबात पाणी होतं... पण काळपट.

वर पिवळा तवंग. कडेला बोटभर जाडीचं चिकट वर्तुळ. तळाशी काहीतरी गाळ बसलेला. आणि वास... कुजलेल्या माशांच्या तेलाचा.

शिओरीला वाटलं, मिसेस ब्लेंकिन माझ्यामागून न्हाल्या. म्हातारं माणूस, कसं बोलायचं? तिने बाह्या सरसावल्या, श्वास रोखला आणि टब घासून काढला.

रोज रात्री ती पाणी ठेवायची. सकाळी कधी ती घासायची, कधी तिच्याआधी उठून मॉरीन. दोघी एकमेकींकडे बघून गोड हसायच्या. दोघींच्या मनात एकच... काय घाणेरडी बाई आहे ही.

मॉरीन अंगणाच्या भिंतीवरून मला सांगायची, "दिसते बाहुलीसारखी, आणि टब बघशील तर गटार. काय अंगाला फासते देव जाणे."

तीन आठवडे असे गेले. मग मॉरीनचा बांध फुटला.

"हे बघ पोरी," ती नाश्त्याच्या टेबलाशी म्हणाली, "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण उद्या पुन्हा टबात ती घाण दिसली तर मी कॉलेजला फोन करणार."

शिओरीचा चेहरा पडला. हातातला टोस्ट खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "मिसेस ब्लेंकिन, माफ करा. पण पाणी मी तुमच्यासाठी ठेवते. तुम्ही न्हाल्यावर बूच काढत जाल का?"

"माझ्यासाठी? मी तुझ्या उष्ट्या पाण्यात बसू?"

"मग... तुम्ही नाही?"

"माझे गुडघे बघ. आठ वर्षं झाली, मी त्या टबात पाय घातला नाही. मी खाली नळाखाली उभी राहून न्हाते."

घरात तिसरं माणूस नव्हतं.

मॉरीनने घासताना कधी नीट पाहिलं नव्हतं; टबातला गाळ कसा दिसतो ते तिने विचारलं. शिओरीने नखाएवढं माप दाखवलं. "खवले," ती म्हणाली, "माशाचे."

मॉरीनचा रंग उडाला. "आजपासून न्हालीस की लगेच बूच काढायचं," ती म्हणाली. "टबातून उठायच्याही आधी." का, ते सांगितलं नाही. फोनचं मात्र पुन्हा काढलं नाही.

त्या संध्याकाळी शिओरीने बूच काढलं. पाणी गुडगुडत गेलं.

आणि दाराबाहेर... कुणीतरी सुस्कारा सोडला.

तिने दार उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं. दाराबाहेरच्या गालिच्यावर दोन ओले डाग होते. शेजारी शेजारी, पावलांएवढे. कोणी बराच वेळ रांगेत उभं राहिल्यासारखे.

तोच वास.

दुसऱ्या दिवशीही डाग होते, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती अंघोळ न करताच झोपली. कुणाला सांगणार? मॉरीनला सांगितलं तर ती म्हणणार, आधी टब घाण केला, आता गालिचा. ती गप्प बसली.

मग तो गुरुवार आला. दर गुरुवारी साडेपाचला मॉरीन तंबोला खेळायला जायची.

शिओरी सहाला परतली ती पावसात चिंब भिजून. दात वाजत होते. घर अंधारं होतं, फक्त वर न्हाणीघरात दिवा.

दार सताड उघडं. टब काठोकाठ भरलेला... वाफ निघत होती. खिळ्यावर टॉवेल नीट घडी घालून टांगलेला.

तिला रडूच आलं. तिच्याकडे पाहुण्याला पहिलं पाणी द्यायची पद्धत. इथे आल्यापासून तिच्यासाठी कुणी पाणी काढून ठेवलं नव्हतं. तिला वाटलं, मिसेस ब्लेंकिनचा राग गेला. जाता जाता माझ्यासाठी एवढं करून गेल्या.

वाफेत काही नीट दिसत नव्हतं. थंडीने नाक चोंदलेलं. तिने भराभर अंग पुसलं आणि ती टबात उतरली. गळ्यापर्यंत. डोळे मिटले. मग डोकंही बुडवलं.

पाणी छान गरम होतं. जरा बुळबुळीत.

तिने ओंजळ भरून तोंडावर मारली, थोडं तोंडात गेलं.

चव कळली... आणि तिने डोळे उघडले.

हातावर तवंग. केसांतून पिवळे थेंब ओघळत होते. दंडाला, छातीला, ओठांना खवले चिकटलेले. मांडीखाली काहीतरी मऊ, लांबट, आतड्यासारखं सरकलं. हे पहिलं पाणी नव्हतं. यात आधीच कुणीतरी न्हालं होतं, आणि मग तिच्यासाठी ठेवून गेलं होतं.

ती किंचाळली नाही. तोंड उघडायचीच शिसारी आली होती. कशीबशी बाहेर पडली आणि टॉवेल ओढून तोंड पुसलं.

टॉवेल ओला होता... आणि कोमट. नुकताच वापरलेला.

अंगावर नुसता कोट घालून ती माझ्या दारात आली. पुढचं मी पाहिलंय. तिच्या केसांतून मी चिमटीने खवले काढले, बशीत ठेवले. अकरा होते. ती बशी मी नंतर फेकून दिली.

मॉरीन परत आली, बशी बघितली आणि माझ्या स्वयंपाकघरात मटकन बसली.

"सिरिलकाका," ती म्हणाली. "माझ्या बाबांचा भाऊ. माशांची डोकी आणि आतडी उकळून तेल काढायचा कारखाना होता, तिथे कामाला. आमच्याकडेच राहायचा. तेव्हा चुलीपुढे पत्र्याचा टब. आधी बाबा, मग भाऊ, मग मी. काका शेवटचा. पण त्याची पाळी आली की आई पाणी अंगणात ओतून द्यायची. म्हणायची, त्याच्यामागून टब घासायला मी जन्माला नाही आले."

"मग तो कुठे न्हायचा?" मी विचारलं.

"जायचा सार्वजनिक न्हाणीघरात, ते उघडं असलं तर. पण रोज टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा राहायचा. एखाद दिवशी ठेवेल म्हणून." तिने बशी दूर सारली. "गेला तो एका रविवारी, सार्वजनिक न्हाणीघर बंद असताना. काम करून आला तसाच. मेल्यावरसुद्धा आईने त्याला पाणी लावलं नाही. कुणी हातच लावेना. वरचं न्हाणीघर आहे ना, तेव्हा ती त्याची खोली होती."

मला त्या तवंगाची किळस आली होती. हे ऐकून माणसांची आली.

शिओरी सगळं ऐकत होती. डोकं टॉवेलात गुंडाळलेलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी पाणी ठेवलं, म्हणून त्याने माझ्यासाठी ठेवलं."

मॉरीनने वरच्या दाराला कुलूप घातलं. शिओरी खाली न्हाऊ लागली. तिचं वर्ष पार पडलं, जूनमध्ये ती गेली. निघताना मॉरीनच्या गळ्यात पडून रडली.

ती गेल्यापासून रात्री वरच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या भिंतीत वाजलं नाही. मॉरीनने कुलूप काढलं, तर टब कोरडा ठणठणीत, गालिचाही कोरडा. मी म्हटलं, सुटला बिचारा. कुणीतरी एकदा पाणी ठेवलं, भरून पावला.

गेल्या मंगळवारी शिओरीचा निरोप आला.

"ताई, आमच्याकडे थंडी पडलीय. रोज टब भरतो. आधी बाबा, मग मी, शेवटी आई. आई पाण्यावर झाकण ठेवते, सकाळी त्याच पाण्यात कपडे धुवायला. काल पाण्यात खवले बघून तिने मला विचारलं, माझ्यामागून कोण न्हातं गं?"

मी लगेच लिहिलं, आईला म्हणावं बूच काढ.

तिचं उत्तर आलं.

"सांगितलं, सिरिलकाकाचंही. आई म्हणते, असू दे. शेवटचा आहे, त्याच्या तोंडचं पाणी कशाला काढायचं."

खाली आणखी एक ओळ होती.

"आज मी घरी आले तेव्हा टब भरलेला होता. आई अजून बाजारातून यायचीय..."