जांभळाखालचा पाइप

वरच्या मजल्यावर कुणी संडासचं पाणी सोडलं, की खाली अंगणातल्या मोरीच्या जाळीतून बुडबुडे येत. आधी एक, मग दोन-तीन, आणि शेवटी कुणी घसा खाकरावा तसा जाड आवाज. शर्वाणीला यात काहीतरी जुळत नाही असं वाटे. घरात सगळे सांगत, की संडासचं पाणी घराच्या कडेने पुढे सेप्टिक टाकीत (मैलापाणी साठवून कुजवणाऱ्या बंद हौदात) जातं आणि मोरीचं पाणी मागच्या परसात, केळीच्या बुंध्याशी. दोन पाण्यांच्या दोन वाटा. मग एका वाटेवरच्या पाण्याने दुसऱ्या वाटेवरची हवा का हलावी?

पण हा प्रश्न ऐकायला घरात कुणाला सवड नव्हती. गणपती झाल्यापासून खालच्या न्हाणीघरात पाणी तुंबत होतं. बाबांनी टाकी दोनदा उपसून घेतली, तरी तेच. मग गवंडी आला. टाकीजवळचा चेंबर (पाइप तपासायचा छोटा हौद) उघडून त्याने लांब सळई पाइपात सारली आणि बाहेर ओढली, तेव्हा तिच्या टोकाला केसासारखं बारीक, ओलं मूळ गुंडाळलेलं होतं.

"जांभळाचं आहे," गवंडी म्हणाला. "झाड ठेवाल तर पाइप जाईल."

जांभूळ टाकीच्या वाटेवरच उभं होतं. शर्वाणी जन्मली तेव्हा तिची नाळ तिथे पुरून, वर आप्पांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ते रोप लावलं होतं. आता ते तिच्याहून कितीतरी उंच झालं होतं. उद्या सकाळी करवतवाला येणार होता. बाबा वाईट नव्हते. गेले कित्येक दिवस तुंबलेलं पाणी उपसून ते थकले होते, आणि थकलेल्या माणसाला कारण हाती लागलं की ते खरंच असावं असं वाटू लागतं.

त्या दुपारी कोल्हापूरहून वैजूआत्या आली. ती बाबांची धाकटी बहीण. जमिनीखालच्या नळ्यांमध्ये शिरणारी यंत्रं बनवणाऱ्या कार्यशाळेत ती काम करी. शर्वाणीनेच तिला बोलावून घेतलं होतं. आत्याच्या हातात लांबट पेटी होती.

"वैजू, मूळ निघालंय पाइपातून," बाबा म्हणाले. "आणखी काय बघायचं राहिलं?"

"पाइप," आत्या म्हणाली. "दादा, तुझी दाढ दुखत होती तेव्हा डॉक्टरांनी आधी फोटो काढला होता की सरळ पक्कड आणली होती?"

"दाढेची गोष्ट वेगळी."

"हो, दाढ परत उगवत नाही. झाडही नाही."

ओट्यावर बसलेले आप्पा हसले. ते निवृत्त शास्त्रज्ञ. धरणांच्या तळाशी साचणाऱ्या गाळाचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि कुणी विचारलं तर 'माझं सगळं आयुष्य गाळात गेलं' असं ते आनंदाने सांगत.

आत्याने पेटी उघडली. आत वेटोळं घालून बसलेलं, मनगटाएवढं जाड, करड्या रबरी वळ्यांचं एक यंत्र होतं. एका टोकाला काचेचा डोळा आणि त्याभोवती इवल्या दिव्यांची कडी. दुसऱ्या टोकाला लांबच लांब तार.

"याचं नाव गांडूळ," आत्या म्हणाली. "मागची वळी फुगवून पाइपाला धरून राहायचं, पुढचं अंग लांब करायचं. मग पुढची वळी फुगवायची आणि मागचं अंग ओढून घ्यायचं. मातीतलं गांडूळ असंच चालतं. आम्ही चाल त्याच्याकडूनच घेतली."

"नमस्कार," गांडूळ म्हणालं. "कृपया चेंबरपासून दूर उभे राहा. वायूची तपासणी बाकी आहे."

आत्याने सगळ्यांना वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि लांब दांड्याने झाकण सरकवलं. दांड्याच्या टोकावरची डबी टिकटिकत राहिली. "मैला कुजताना विषारी वायू तयार होतो," ती शर्वाणीला म्हणाली. "थोडा असेल तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो, तेव्हाच आपल्याला काही कळत नाही. तरी लोक माणसं आत उतरवत राहिले, बंदी आल्यावरसुद्धा. किती जण वर आलेच नाहीत."

बाहेरच्या रस्त्याने बिनचालकाची घंटागाडी आपलं गाणं वाजवत निघून गेली.

"म्हणून गांडूळ," शर्वाणी म्हणाली.

"म्हणून गांडूळ."

डबीवर हिरवा दिवा लागला. आत्याने यंत्र चेंबरमध्ये सोडलं आणि त्याचं तोंड घराच्या दिशेच्या पाइपात घातलं.

"पण पाणी घराकडून टाकीकडे येतं ना?" शर्वाणीने विचारलं. "मग हे उलटं का चाललंय?"

"पाणी कुठे अडलंय?"

"मध्ये कुठेतरी."

"मग घराकडच्या बाजूला काय असेल?"

शर्वाणीने विचार केला. "तुंबलेलं गढूळ पाणी. त्यात काही दिसणार नाही. इकडची बाजू मात्र रिकामी असेल."

"बघा आप्पा, तुमची नात." आत्याने तिच्या हातात एक चपटी डबी दिली. "आता दुसरं काम. गांडुळाच्या शेपटीत प्रक्षेपक (सतत संदेशलहरी सोडणारं छोटं उपकरण) आहे. त्या लहरी मातीतून वर येतात. ही डबी जमिनीजवळ धरून चालायचं. सर्वांत मोठा आवाज येईल, त्याच्या बरोबर खाली गांडूळ असेल. तिथे खूण कर."

खूण कशाने करायची? शर्वाणी धावत जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली.

ओट्यावर टेकवलेल्या पडद्यावर उजेडाचं एक वर्तुळ उमटलं. जमिनीखाली इतका गोल, इतका ओला अंधार असेल असं शर्वाणीला कधी वाटलं नव्हतं. पाइपाच्या तळातून पाण्याची बारीक रेघ येत होती. गांडूळ पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. ते आतल्या आत कलंडलं तरी चित्र सरळच राही. त्याच्या पोटात गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा संवेदक (बदल टिपणारा भाग) होता. त्यामुळे पाइपाचा तळ नेहमी पडद्याच्या खालच्या बाजूलाच दिसत होता. मागे सुटणारी तार मोजून ते किती आत गेलं आहे, हेही कडेला उमटत होतं.

वर शर्वाणी वाकून चालत होती आणि तिच्या बोटांतून रांगोळी झरत होती. पांढरी रेघ चेंबरपासून निघाली आणि जांभळाच्या सावलीत शिरली.

"समोर वनस्पतीचे धागे आहेत," गांडूळ म्हणालं.

शर्वाणी पडद्याकडे धावली. पाइपाच्या एका सांध्यातून मुळांचा झुपका खाली लोंबत होता. बाबांनी बोट पुढे केलं. पुढे झालेलं ते बोट शर्वाणीच्या फार दिवस लक्षात राहिलं.

"झालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "शरू, आता तूच बघतेस ना?"

ती पडद्याकडे बघत राहिली. मुळं पाण्याच्या रेघेवर अलगद हलत होती, न्हाऊन आलेल्या बाईने केस मोकळे सोडावेत तशी. हलत होती. म्हणजे पाणी त्यांच्यामधून वाहत होतं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "दार बंद असेल तर वाऱ्याने दाराचा पडदा हलेल का?"

आप्पा ओट्यावरून उठले आणि चष्मा पुसून पुढे आले. "मुलगी बरोबर बोलते आहे. मुळं आहेत, पण मुळांनी पाणी अडवलेलं नाही. झाडाला पाइपाशी काही वैर नसतं. सांध्याला चीर पडली, ओल झिरपली, तशी मुळं ओलीकडे वळली. आधी चीर, मग मूळ."

"गांडुळा, या मुळांनीच पाइप तुंबलाय का?" बाबांनी विचारलं.

"मी दाखवू शकतो. ठरवायचं तुम्ही," गांडूळ म्हणालं. "पुढे जाण्याइतकी जागा आहे."

"मग जा," बाबा म्हणाले.

मुळांचा झुपका डोळ्यावरून सरकला आणि पुन्हा मोकळा पाइप दिसू लागला. जांभूळ मागे पडलं. रांगोळीची रेघ घराच्या कडेने वळली आणि मोरीजवळ आली. इथे डबीतला मोठा आवाज एकाच जागी येत राहिला.

"पुढे रस्ता नाही," गांडूळ म्हणालं. "पाइप इथे खाली बसलेला आहे. उतार संपला आहे."

पडद्यावर एक फिकट राखाडी उतरण होती, जवळजवळ छतापर्यंत भिडलेली. वरच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. मैल्यासारखं ते दिसत नव्हतं. गुळगुळीत होतं, आणि त्यात एकावर एक थर होते.

आप्पा पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक त्याला टेकलं. "अरे, हे तर धरण झालंय," ते पुटपुटले. मग शर्वाणीकडे वळले. "वाहतं पाणी कणांना उचलून नेतं. उतार असला की वेग असतो, आणि वेग आहे तोवर ओझं पेलतं. उतार संपला की पाणी रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं पाणी हातातलं खाली ठेवतं. त्याला निक्षेपण (गाळ तळाशी बसत जाणं) म्हणतात. नदीला धरण भेटलं की हेच होतं. पण ही इतकी बारीक चिकणमाती आपल्या संडासच्या पाइपात आली कुठून?"

"गांडुळा, थोडं वर बघ," शर्वाणी म्हणाली. "छताकडे."

डोळा वळला. फटीच्या पलीकडे, पाइपाच्या माथ्यावर एक भोक होतं. दुसरा पाइप वरून येऊन तिथे जोडला होता. शर्वाणीने रांगोळीच्या रेघेच्या टोकाकडे पाहिलं. तिथेच मोरीची जाळी होती.

बुडबुड्यांचं कोडं तिला तिथेच उलगडलं. "संडासचं पाणी सोडलं की ते पाइपातली हवा पुढे ढकलतं," ती सावकाश म्हणाली. "पुढे मातीने वाट बंद. मग हवा मोरीतून वर येते. मोरीचं पाणी केळीकडे जातच नाही."

आत्याने मान डोलावली. बाबा कपाळाला हात लावून उभे राहिले. मोरीची फरशी बदलली तेव्हा कामगारांनी जवळचा पाइप हाताला लागला म्हणून त्यालाच जोड देऊन टाकली असणार, आणि खालची माती नीट न ठोकल्याने पाइप तिथेच खचला असणार. त्याच वर्षापासून परसातली केळ वाळत चालली होती. घरात सगळ्यांनी कीड लागली असं ठरवून टाकलं होतं.

"थांबा," शर्वाणी म्हणाली. "तिथे काय चमकतंय?"

गांडुळाने उजेड तिरपा केला. वरच्या थरात सोनेरी ठिपके होते. त्याच्या खाली जांभळे. आणखी खाली हिरवे.

ती ओळखीची होती, ती चमक. गणपतीच्या मुकुटाला टिकल्या शर्वाणीच चिकटवी. यंदा सोनेरी. गेल्या वर्षी जांभळ्या, कारण झाडाला खूप जांभळं आली होती. त्याआधी हिरव्या. नदी घाण करायची नाही म्हणून आप्पा शाडूची मूर्ती आणत, अंगणातच घंगाळात विसर्जन होई, आणि विरघळलेली मूर्ती शर्वाणी तांब्या-तांब्याने मोरीत सोडी. माती केळीच्या मुळाशी जाईल, या भरवशावर. दरवर्षी शेवटचा तांब्या ओतताना ती हात जोडत असे.

सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. पण झाड उभं होतं, आणि उद्या सकाळी करवतवाला येणार होता.

"आप्पा," ती म्हणाली, "तो आपला शाडू आहे."

आप्पांनी पडद्यावरचे तिन्ही थर पुन्हा पाहिले. मग ते हसले, पण ते हसू थोडं ओलं होतं.

"देशभरातल्या धरणांचा गाळ मोजला मी," ते म्हणाले, "आणि माझ्याच घरात देवाने धरण बांधून ठेवलं. नदी वाचवायला निघालो होतो. पण पाणी दिसेनासं झालं म्हणजे संपत नाही, शरू. ते कुठेतरी जात असतंच. कुठे, हे मी एकदाही विचारलं नाही."

"मी विचारलं होतं," शर्वाणी म्हणाली. "बुडबुड्यांचं."

"विचारलं होतंस," बाबा म्हणाले. "आणि मी ऐकलं नव्हतं." त्यांनी खिशातून फोन काढला आणि करवतवाल्याचा क्रमांक लावला.

दुसऱ्या दिवशी आत्याने जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो घट्ट थर फोडून काढला. खचलेल्या जागी, रांगोळीच्या खुणेवर, तेवढीच जमीन खणून पाइपाला पुन्हा उतार दिला. जांभळाजवळच्या चिरेला आतूनच अस्तर (पाइपाच्या आत बसणारी दुसरी, पातळ नळी) लावलं. मोरीचं पाणी परसाकडे वळलं आणि तिथे केळीचा नवा कोंब लागला.

"पुढे प्रत्येक घराचा असा नकाशा असेल," जाताना आत्या म्हणाली. "मुलांना घराच्या खोल्या जशा माहीत असतात, तशा जमिनीखालच्या वाटाही माहीत असतील. मग चुकीच्या झाडावर कुणी करवत चालवणार नाही, आणि आत कुणाला उतरावं लागणार नाही."

पुढच्या गणपतीत विसर्जनानंतर शर्वाणीने घंगाळाला कुणालाच हात लावू दिला नाही. पाणी स्वस्थ राहू द्यायचं होतं. आप्पांनी पाइपात जे ओळखलं, तेच आता ती मुद्दाम घडवून आणत होती. रेंगाळलेलं पाणी आपलं ओझं खाली ठेवत होतं. हळूहळू वर नितळ पाणी राहिलं आणि तळाशी मऊ, राखाडी शाडू. तो वाळवून तिने डब्यात भरला. पुढच्या वर्षीचा गणपती त्याच मातीचा, तिच्या हातचा होणार होता.

नितळ पाणी तिने तांब्या-तांब्याने जांभळाच्या बुंध्याशी ओतलं. शेवटच्या तांब्याला हात जोडले. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी संडासचं पाणी सोडलं, आणि ती सवयीने मोरीकडे वळून पाहत राहिली.

मोरी गप्प होती. जमिनीखाली पाणी आपल्या वाटेने चाललं होतं, आणि ती वाट आता तिला ठाऊक होती.