थांबलेली गाडी कुणी चालवली?

"लाल! बघ, बघ, पुन्हा लाल!" शेपूट ओरडला आणि बाकावरून पडता पडता वाचला.

"हळू! मावशीची आधीच काय कमी पंचाईत झालीय?" वकीलताईनं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

वकीलताई म्हणजे थोरली. कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची, म्हणून घरात तिला हे नाव पडलं होतं. शेपूट तिचा धाकटा भाऊ, सदा तिच्या मागे मागे! आणि तिसरी भिंग, त्यांची मावसबहीण. जाड चष्मा, आणि हाती लागेल ते यंत्र खोलून बघायची खोड. सुट्टीत तिघं मावशीकडे राहायला आली होती आणि तिच्या कामावर, गाड्या धुण्याच्या केंद्रात, दिवसभर ठाण मांडून बसायची.

काय झकास यंत्र होतं ते! गाडी मधोमध उभी करायची. रुळांवरून एक भलीमोठी कमान सरकत यायची, तिचे ब्रश गरागरा फिरायचे आणि फेसाचा नुसता पूर! गाडी मात्र जागची हलायची नाही. ते यंत्र चालवणारी मावशी ही तिथली पहिलीच बाई होती. तिघांना तिचा कोण अभिमान!

पण काल घोटाळा झाला. एक गॉगलवाले साहेब एसी हवा म्हणून गाडी चालू ठेवूनच आत बसले. ब्रश फिरायला लागले आणि मध्येच त्यांची गाडी धाडकन मागच्या खांबावर आदळली.

"गाडी आपोआप पुढे पळायला लागली! मग मी मागे घेणार नाही तर काय?" साहेब गरजले.

मावशी प्रत्येक गाडीच्या एका चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायची. त्यातला एक कोपऱ्यात पडलेला सापडला. झालं! मालकांनी काही ऐकून न घेता, गिऱ्हाइकांच्या देखत सुनावलं, "ठोकळा लावायला विसरलात तुम्ही! उद्या संध्याकाळपर्यंत काम करा. परवापासून मी दुसरा माणूस बघतो."

"मी लावला होता हो," मावशी एवढंच म्हणाली. 

मावशीच्या कामाची ती शेवटची संध्याकाळ आता जवळ येत होती.

"लाल म्हणजे काय रे?" भिंगनं विचारलं.

"मागचे दिवे! कमान सरकायला लागली की प्रत्येक गाडीचे ब्रेकचे दिवे लागतात. सकाळपासून बघतोय मी!"

वकीलताईचे डोळे चमकले. "उभ्या गाडीत ब्रेक कशाला दाबतात हे लोक? चला, विचारू!"

टेम्पोवाले काका नुकतेच रांगेत पुढे आले होते. "अरे, गाडी सरकते ना! पाय आपोआप जातो ब्रेकवर," ते म्हणाले. "खोटं वाटतं? बसा माझ्या शेजारी!"

शेपूट आणि भिंग टुणकन चढले. वकीलताई बाहेरच थांबली. तिनं खडूनं टायरच्या अगदी कडेला जमिनीवर रेघ मारली.

कमान निघाली. आतून बाहेरचं काही दिसेना, नुसता फेस आणि मागे मागे जाणारे ब्रश!

"आई गं! चाललो आपण!" शेपटानं डॅशबोर्ड घट्ट धरला.

"काका, ब्रेक!" भिंगसुद्धा किंचाळली.

उतरल्यावर दोघं एकदमच सांगायला लागले, "गाडी हातभर तरी पुढे गेली!"

"हातभर? रेघ बघा! केसभरसुद्धा हललेली नाही!"

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. भिंग मात्र चष्मा पुसत विचारात पडली आणि एकदम म्हणाली, "शेपटा, एक डोळा मीट. दुसरा डावीकडे-उजवीकडे फिरव. भिंत हलते?"

"नाही. भिंत कशाला हलेल?"

"आता डोळा स्थिर ठेव. बाहेरच्या कोपऱ्याला, पापणीवरून, अगदी हळूच बोटानं दाब."

"अय्यो! भिंत हलली!"

"कळलं? डोळा तू फिरवलास तर मेंदूला ते आधीच ठाऊक असतं, कारण हुकूम त्यानंच दिलेला असतो. म्हणून तो भिंतीला स्थिर धरतो. बोटानं डोळा हलला, तेव्हा मेंदूनं हुकूमच दिला नव्हता. त्याला वाटलं, भिंतच हलली!"

"आणि टेम्पोत?" वकीलताईनं विचारलं.

"टेम्पोत समोरचं सगळंच मागे सरकत होतं. डोळे फिरवले नव्हते, मान वळवली नव्हती. मेंदू म्हणाला, सगळं जग कसं सरकेल? म्हणजे मीच पुढे चाललोय!"

"मग काल गाडी पळालीच नव्हती! चला मालकांकडे!"

ऑफिसात गॉगलवाले साहेब नुकसानीवरून हुज्जत घालायला आलेच होते. दोघांनीही तिघांचं म्हणणं हसण्यावारी नेलं.

"पोरांनो, मला शिकवता?" मालक म्हणाले.

"शिकवत नाही, काका. तुमची गाडी फुकटात धुऊन देतो!" वकीलताई गोड आवाजात म्हणाली. "ठोकळे तुम्ही स्वतः लावा, चारही चाकांना! किल्ली आमच्याकडे द्या. साहेब, तुम्ही बसा स्टिअरिंगवर. काका, तुम्ही शेजारी! गाडी इंचभर जरी सरकली, तर आम्ही पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही!"

मालकांनी हट्टानं चारही चाकांना ठोकळे ठोकून बसवले. वकीलताईनं खडूची रेघ मारली. रांगेतले सगळे गाड्यांतून उतरून बघायला आले. मावशीनं एकवार तिघांकडे बघितलं आणि बटण दाबलं.

कमान निघाली. लाल! मागचे दिवे लख्ख पेटले!

"अहो, थांबवा! गाडी चालली!" आतून मालकांचा आवाज आला.

"ब्रेक लागत नाहीये! रिव्हर्स, रिव्हर्स!" साहेब ओरडत होते.

बाहेर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मावशीनं यंत्र थांबवलं. दोघं घामाघूम होऊन उतरले. वकीलताईनं रेघ दाखवली. मग किल्ली दाखवली.

साहेबांनी गॉगल काढला. "म्हणजे काल गाडी उभीच होती... आणि मी ती मागे घेतली."

"आणि त्या धक्क्यानं माझा ठोकळा उडाला," मावशी म्हणाली.

मालक खाली बघत पुटपुटले, "बाई, चुकलं माझं."

"मालक, काल सगळ्यांसमोर बोलला होतात," मावशीचा आवाज जराही कापला नाही. "आजही सगळ्यांसमोर बोला."

मालकांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐका हो! बाईंनी ठोकळा लावला होता. चूक माझी होती. हे यंत्र त्याच चालवणार! आणि ही पोरं... शाबास रे! मी इतकी वर्षं इथे आहे, पण गाडीत बसून कधी बघितलं नव्हतं."

साहेबांनी तिघांशी हात मिळवले आणि वाकलेल्या खांबाचा खर्च आपणहून कबूल केला.

शेपूट छाती फुगवून मिरवायला लागला. टेम्पोवाल्या काकांनी मावशीला विचारलं, "कुणाची हो ही पोरं? भारीच हुशार!"

मावशीनं ओल्या हातांनीच तिघांना जवळ ओढलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"माझी! माझी भाचरं आहेत ती!"